मदत हवी आहे : एकदा थांबलेला एअर कॉम्प्रेसर दाबाखाली पुन्हा सुरू होत नाही

माझ्याकडे 24 लिटर टाकीचा, 2 अश्वशक्तीचा स्वस्तातला घरगुती कॉम्प्रेसर आहे. टाकी रिकामी असताना मोटर व्यवस्थित सुरू होते आणि 8 बारला प्रेशर स्विच तिला बंदही करतो; परंतु दाब उतरून ती पुन्हा सुरू व्हायची वेळ आली, की फिरत नाही, नुसती घुमते आणि काही सेकंदांत एमसीबी पडतो.

मोटर थांबल्यावर प्रेशर स्विचपाशी एकदाच ‘फुस्स’ असा आवाज होऊन तो थांबायला हवा, कारण पंपाच्या हेडमध्ये अडकलेली हवा थोडीच असते. माझ्याकडे मात्र तो थांबतच नाही, म्हणजे टाकीतली हवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून (हवा फक्त टाकीकडे जाऊ देणाऱ्या झडपेतून) उलटी येऊन पंपावर दाब राहत असावा. टाकी पूर्ण रिकामी करून आणि विजेचा प्लग काढून तो व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा आतल्या रबरी चकतीवर काजळी व गोल खाच दिसली. चकती उलटी बसवली (जुगाडच म्हणा) आणि आवाज बंद झाला, तरीही दुसऱ्या दिवशी मोटर एकदा घुमलीच, म्हणून कपॅसिटरवरही (मोटरला सुरू होताना जोर देणाऱ्या भागावर) संशय आहे. एक्स्टेंशन वायर काढून थेट 16 अँपिअरच्या सॉकेटला जोडून पाहिले. फरक पडला नाही.

स्थानिक मेकॅनिक मोटर रिवाइंड करायला सांगतात, जे मला घाईचे वाटते. केवळ चकती सुटी मिळते का, की पूर्ण व्हॉल्व्हच बदलावा लागतो, आणि नवा घेताना आट्यांचे माप नेमके कसे घ्यावे? तसेच साध्या मल्टिमीटरवर कपॅसिटन्सची सोय नसताना कपॅसिटर कमजोर झाल्याचे खात्रीने कसे ओळखावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.