वीज केंद्रातला फिटर पवनचक्कीकडे वळू शकेल का? मदत हवी आहे

माझा मोठा भाऊ औष्णिक वीज केंद्रात टर्बाइन मेंटेनन्सला होता, २१ वर्षं. संच कायमचा बंद झाला आणि आता ४६व्या वर्षी त्याला नवं काही शिकायचंय. अलाइनमेंट, बेअरिंग, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक्स, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळणं, कंपनांवरून बिघाड ओळखणं, हे सगळं त्याच्या हातात आहे. पवनचक्कीच्या नॅसेलमध्ये (खांबाच्या टोकावरची, गिअरबॉक्स-जनरेटर असलेली पेटी) हेच तर लागतं! म्हणून 'पहिल्यापासून सुरुवात करा' असं कोणी सांगितलं की फार वाईट वाटतं.

अडचण उंचीची आहे. ८०-१०० मीटर शिडीने चढणं या वयात रोज झेपतं का? जीडब्ल्यूओचं (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन, पवनऊर्जा कंपन्यांची संस्था) बेसिक सेफ्टी ट्रेनिंग मागतात आणि ते दर २ वर्षांनी नव्याने करावं लागतं, एवढं कळलंय. ते आधी स्वखर्चाने करावं, की नोकरी लागल्यावर कंपनी करून घेते?

दुसरा पर्याय सौरचा. पण तिथे डीसी, मोठ्या प्रकल्पांत १५०० व्होल्टपर्यंत. एसीसारखा प्रवाह शून्यावर येत नाही, म्हणून आर्क (हवेतून पेटणारी विजेची ठिणगी) पटकन विझत नाही. मेकॅनिकलच्या माणसाने हे नीट शिकायला किती महिने धरावेत?

चाळिशीनंतर असा बदल केलेल्यांनी कृपया लिहा. सुरुवातीला पगार किती खाली आला तेही सांगा, त्याची दोन्ही मुलं अजून शिकतायत.