शब्दचर्चा: व्यभिचार, जारकर्म की आणखी काही?

अनुवादक_पुणे: बायबलमधल्या होशेय संदेष्ट्यावरचा एक लेख मराठीत आणतोय. हिब्रूत दोन धातू आहेत, नाअफ आणि झाना. दहा आज्ञांतल्या ‘व्यभिचार करू नको’मध्ये नाअफ, तर होशेयला जिच्याशी लग्न करायला देव सांगतो त्या बाईच्या वर्णनात झाना, म्हणजे स्वैर किंवा वेश्येसारखं वागणं. मी दोन्हीकडे ‘व्यभिचार’ लिहिलं. संपादकबाईंनी परत पाठवलं, कारण लेखाचा मुद्दाच या फरकावर आहे. झानाला काय म्हणावं?

नगरची_लेक: ‘जारकर्म’ आहे की! ‘जारकर्माच्या प्रसंगापासून पळ काढा’ (१ करिंथ ६:१८) हे आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ.

निरुक्तप्रेमी: पण तो नव्या करारातला ग्रीक शब्द, पोर्नेया. आणि जार म्हणजे मुळात प्रियकर. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा यास्क सूर्याला रात्रीचा जार म्हणतो, तिला जीर्ण करणारा म्हणून. जारण-मारणातलं ‘जारण’ही त्यातलंच असावं.

नगरची_लेक: जारण-मारण इथे कुठून आलं? आमच्या देवळात हा शब्द रोजचा आहे, त्याला व्युत्पत्तीचा दाखला लागत नाही.

कोर्टकचेरी: फरक नीट समजून घ्या. नाअफमध्ये बाई दुसऱ्याची बायको किंवा वाग्दत्ता असते. पुरुषाचं लग्न झालंय का, हा प्रश्नच नाही. वाग्दान न झालेल्या मुलीला धरून तिच्यापाशी निजला, तर ते नाअफ नाही; बापाला ५० शेकेल रुपे द्यायचे, तिच्याशी लग्न करायचं आणि तिला कधीच सोडायचं नाही (बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक, अध्याय २२). आपल्या दंडसंहितेतलं व्यभिचाराचं कलम ४९७ याच घडणीचं होतं, नवऱ्याच्या संमतीवर बेतलेलं. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ला ते रद्द केलं. म्हणून ‘व्यभिचार’ नाअफलाच ठेवा.

गीतापाठी: उलट मी म्हणेन. गीतेच्या तेराव्या अध्यायात ‘भक्तिरव्यभिचारिणी’ आहे. देवाशी एकनिष्ठ राहणं या अर्थाने हा शब्द आपल्याकडे आधीच तयार आहे. होशेयला तो जितका शोभतो तितका दुसरा नाही.

निरुक्तप्रेमी: वि + अभि + चर्, वाट सोडून जाणं. रसशास्त्रातले ३३ व्यभिचारी भाव, न्यायदर्शनातला सव्यभिचार हेतू, म्हणजे साध्याला सोडून भटकणारं कारण, सगळीकडे तेच.

नगरची_लेक: त्या भावांनी कुणाचा विश्वासघात केलेला नसतो हो. होशेयात देव दुखावलेला नवरा आहे, आणि दुसऱ्या देवांमागे गेलेलं इस्राएल त्याची बायको. निर्गम २०:५मधला ‘ईर्ष्यावान देव’ आणि गणना ५मध्ये बायकोवर संशय घेऊन तिला कडू पाणी पाजायला लावणाऱ्या नवऱ्याची ईर्ष्या, दोन्ही हिब्रूत एकाच धातूचे. ही जखम ‘अव्यभिचारिणी’त मला दिसत नाही.

माळावरचा: ‘बाहेरख्यालीपणा’ का नको? झानात सवयीचा अर्थ आहे, तो यात बरोबर येतो.

गीतापाठी: धर्मग्रंथात ‘ख्याल’? अरबी शब्द?

माळावरचा: मग ‘कायदा’, ‘वकील’सुद्धा काढा मराठीतून. पेशवे दप्तरात अशा गुन्ह्याला ‘बदअमल’ म्हणत, तेव्हा कुणाची मराठी बाटली नव्हती.

कोर्टकचेरी: अडचण वेगळी आहे. बाहेरख्याली म्हणतो ते बहुधा पुरुषाला, शिंदळकी फक्त बाईची. होशेय ४:१४ बघा: मुली झाना करतात, सुना नाअफ करतात, पण मी त्यांना शिक्षा करणार नाही, कारण पुरुष स्वतःच वेश्यांकडे जातात. लग्न झालं की धातू बदलतो, आणि दोष मात्र पुरुषांच्या पदरात. आपला कुठला शब्द हे सगळं पेलेल?

अनुवादक_पुणे: म्हणजे झाना = जारकर्म, नाअफ = व्यभिचार, चालेल?

नगरची_लेक: यिर्मया ३ वाचा आधी. तिथे इस्राएल आणि यहूदा या राज्यांना बहिणी कल्पून दोन्ही धातू लावलेत, आणि दगडालाकडाच्या मूर्तींशी केलेला तो नाअफ आहे. इतकी स्वच्छ वाटणी होत नाही.

माळावरचा: होशेयच्या दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो, मला ‘बाली’ म्हणू नकोस, ‘इशी’ म्हण. बाल म्हणजे धनी, आणि ते मूर्तीचंही नाव; इश म्हणजे पुरुष. माझी आजी आजोबांना ‘मालक’च म्हणायची. ‘इशी’ला मराठीत काय म्हणाल?

निरुक्तप्रेमी: ‘कारभारी’.

नगरची_लेक: मुळीच नाही. कारभारी म्हणजे परत धनीच. ‘माझा माणूस’ म्हणा.

गीतापाठी: ‘माझा माणूस’ प्रमाण मराठीत नवऱ्याला कुणी म्हणतं का?

नगरची_लेक: आमच्याकडे या, रोज ऐकाल.