घरीच शिकलेल्या मुलाला एनडीए किंवा अग्निवीरसाठी काय लागतं?

नदीकाठ:
मुलाने पाचवीनंतर शाळा सोडली, तेव्हापासून घरीच शिकतो. शाळा सोडल्याचा दाखला जवळ आहे. नुकती चौदा पूर्ण झाली. एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, फौजेत अधिकारी होण्यासाठी) द्यायची म्हणतो, नाहीच झालं तर अग्निवीर (सैनिक म्हणून चार वर्षांची भरती). दहावी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) करावी की राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) भरावा? विषय कोणते ठेवावेत? आणि ‘ओपनवाल्यांना (म्हणजे मुक्त शाळेतून शिकलेल्यांना) फौजेत घेत नाहीत’ यात तथ्य किती?

त्रिशूळ_सांगली:
शेवटचं आधी. एनडीएची परीक्षा यूपीएससी घेते आणि तिला मान्यताप्राप्त मंडळाची बारावी लागते. एनआयओएस हे केंद्र सरकारचं मंडळ आहे, चालतं. वर्गात किती दिवस बसलात हे तिथे कोणी विचारत नाही.

अडतं ते विषयांवर. एनडीएच्या लष्कर शाखेला कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल, हवाई दल आणि एळिमलाच्या नौदल अकादमीसाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय हवेत. एनआयओएसमध्ये विषय आपण निवडतो, त्यामुळे ‘रसायन नको, जड जातं’ म्हणून चित्रकला घेणारे पुष्कळ असतात. सोळाव्या वर्षी दोन दारं आपल्या हाताने बंद होतात.

दुसरं, जन्मतारीख. यूपीएससी दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच तारीख धरते. नगरपालिकेचा जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र, पत्रिका यातलं काही चालत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाची तारीख रजिस्टरमधून आपोआप पुढे जाते, तुमच्या मुलाची तुम्ही स्वतः ऑनलाइन टाइप करणार. नावाचंही तसंच. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी आणि एनआयओएसच्या अर्जात तिसराच क्रम, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. प्रवेशाआधी आधार आणि जन्मदाखला अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. प्रमाणपत्र छापून आल्यावर दुरुस्तीला महिने जातात.

वेळेचा हिशेब असा. एनआयओएसच्या दहावीला किमान १४ वर्षं लागतात, एप्रिल-मेच्या परीक्षेसाठी ३१ जानेवारीला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी ३१ जुलैला. आठवीचं प्रमाणपत्र नसेल तर तेवढा अभ्यास झाल्याचं स्वतःचं निवेदन चालतं. दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रांत दोन वर्षांचं अंतर लागतं, म्हणून ‘हुशार आहे, एका वर्षात बारावी उरकू’ हा बेत करू नका. एनडीएचं वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस आणि परीक्षा वर्षातून दोनदा. दहावी पुढच्या एप्रिलला दिलीत तर चार प्रयत्न आरामात मिळतात.

प्रतिस्वाक्षरी:
अग्निवीरचं बोलतो, कारण ‘ओपनवाल्यांना घेत नाहीत’ ही अफवा तिथल्याच एका अटीतून निघालेली आहे. सेनाभरतीच्या रॅलीत दहावी मुक्त शाळेची असेल तर शाळा सोडल्याचा दाखला मागतात, आणि त्यावर गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागते. ती नसली की मैदानातून परत पाठवतात. मुलगा घरी येऊन सांगतो, ओपनवाल्यांना घेत नाहीत.

तुमच्याकडे पाचवीचा दाखला आहे हे फार बरं. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आत्ताच चौकशी करून ठेवा. रॅलीच्या आदल्या आठवड्यात साहेब हमखास दौऱ्यावर असतात. शिवाय शेवटच्या शाळेचा चारित्र्याचा दाखला, सरपंच किंवा नगरपालिकेचा फोटोसह चारित्र्याचा दाखला (सहा महिन्यांच्या आतला), अविवाहित असल्याचा दाखला, अधिवास आणि लागू असेल तर जातीचा दाखला, हे सगळं मूळ प्रतीत लागतं.

१७ नंबरचा फायदा असा की प्रमाणपत्र राज्य मंडळाचं मिळतं आणि मुक्त शाळेची ही भानगड राहत नाही. पण त्या अर्जाला दाखल्याची मूळ प्रत द्यावी लागते. देण्याआधी साक्षांकित प्रती काढून ठेवा. शिवाय मंडळाचे ठरलेले सगळे विषय करावे लागतात आणि नेमून दिलेल्या संपर्क केंद्राशी संबंध ठेवावा लागतो. माझं मत विचाराल तर तुमच्याकडे दाखला आहे, मूल लिहितं-वाचतं, तर दहावी १७ नंबरने आणि बारावी विज्ञान एनआयओएसमधून. ज्यांनी शाळेचं तोंडच पाहिलं नाही त्यांनी १७ नंबरच्या वाटेला जाऊ नये.

गुणपत्रिका:
वरच्या दोघांनी टक्क्यांचं सांगितलं नाही. एनआयओएसला ३३ टक्क्यांना पास करतात, फौजेला तेवढे पुरतात असं नाही.

अग्निवीर जीडीला (जनरल ड्यूटी, साधा सैनिक) दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. टेक्निकलला बारावीत भौतिक, रसायन, गणित, इंग्रजी, एकूण ५० आणि प्रत्येकात ४०. क्लार्कला एकूण ६० आणि प्रत्येकात ५०. वायुदलाच्या अग्निवीरला एकूण ५० आणि इंग्रजीत वेगळे ५०, आणि तिथे पूर्णांकात वर ओढत नाहीत: ४९.९९ म्हणजे ४९. म्हणून भाषा म्हणून फक्त मराठी किंवा हिंदी घेऊन इंग्रजी सोडण्याचा विचारही करू नका. ही चूक सर्रास होते.

टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायचे स्वाध्याय, त्यांना २० टक्के भार आहे. वेळेत न दिल्याने ते गुण जातात आणि ४५ची अट दोन-तीन गुणांनी हुकते. भौतिक-रसायनला लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळं पास व्हावं लागतं, तेव्हा प्रयोगशाळा खरोखर चालू आहे असंच अभ्यासकेंद्र निवडा. गुण कमी पडलेच तर तेवढाच विषय पुन्हा देता येतो.

नदीकाठ:
खूप आभार. दहावीला सामाजिक शास्त्र (इतिहास-भूगोल) वगळून गृहविज्ञान घेतलं तर चालेल का? आणि एसएसबीला (लेखी परीक्षेनंतरची निवड मंडळाची मुलाखत) घरी शिकल्याचं नडतं का?

त्रिशूळ_सांगली:
नियमात बसेल, पण करू नका. एनडीएचा गणिताचा पेपर ३०० गुणांचा, सामान्य क्षमतेचा ६००चा. त्यातले २०० इंग्रजीचे आणि ४०० विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडींचे. दोन्ही पेपरांत किमान गुण वेगवेगळे मिळवावे लागतात, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश कापतात. इतिहास-भूगोल दहावीत सोडला तर तो नंतर मार्गदर्शक चाळून भरून निघत नाही.

एसएसबी ९०० गुणांची आणि पाच दिवसांची. सुरुवातीला भरायच्या माहितीपत्रकात खेळ, एनसीसी, सांभाळलेली जबाबदारी असे रकाने असतात. घरी शिकलेल्या मुलांचे नेमके हेच कोरे राहतात. मुलाखतीत ‘शाळा का सोडली’ हा प्रश्न ठरलेलाच. आईवडिलांचं शिक्षणविषयक तत्त्वज्ञान ऐकवू नये, दिवसभर काय करतो ते सरळ सांगावं. गटकामांत फळ्या, दोर, पिंपं घेऊन आठ-दहा अनोळखी मुलांसोबत अडथळा पार करायचा असतो. दुसऱ्याची कल्पना आपल्यापेक्षा बरी आहे हे पटकन ओळखून हात लावणाऱ्याला तिथे भाव असतो. एकट्याने बुद्धिबळ आणि पोहण्यात तरबेज झालेलं मूल इथे गांगरतं. आतापासून कबड्डी, खो-खो, फुटबॉल, काहीही सांघिक, तालुक्याच्या क्लबात रोज.

प्रतिस्वाक्षरी:
धावणं आत्ताच सुरू करा. सेनाभरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत आणि १० बीम (पुल-अप) मारले तर १०० पैकी १०० मिळतात. डांबरी रस्त्यावर पळवू नका, नडगी दुखायला लागली की महिनाभर घरी बसावं लागतं.