उंची नाही, मग आक्रमण कसं बसवायचं?

रत्नागिरीकर: शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवतो. सगळ्यात उंच पोर पाच फूट तीन. मैदान सिमेंटचं, पावसाळ्यात शेवाळ धरतं, म्हणजे खरा सराव दसऱ्यानंतरच. अडचण अशी, की चेंडू पॉइंट गार्डकडे, म्हणजे खेळ रचणाऱ्या पोरीकडे गेला की बाकी चौघी जेटीवर होडीची वाट बघितल्यासारख्या उभ्या. रिंगवर चेंडू मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांतले पंधरा ड्रिबलिंगमध्येच, म्हणजे चेंडू आपटत राहण्यातच जातात. काय करू?

मालवणचो मास्तर: पाचही जणींना ६.७५ मीटरच्या, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेर काढा. रिंगखालची जागा मोकळी ठेवा. पास दिला की देणारीने सरळ रिंगकडे कापायचं, तिची जागा शेजारणीने भरायची. समोरची पासच्या वाटेत हात घालत असेल, तर तिच्या पाठीमागून आत. आम्ही चुन्याने उभं राहायच्या जागांची पाच वर्तुळं काढली नि आठवडाभर ड्रिबल बंद केलं. पोरी रडकुंडीला आल्या, पण माना वर झाल्या.

देवगडवाला: अर्धंच पटलं. बाहेरून नेम नसेल तर समोरच्या आत गर्दी करून बसतील. आधी डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी लेअप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकणं, पक्का करा. आणि रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत आलेला चेंडू, मिळाला की लगेच धावा, समोरचा बचाव लागायच्या आत.

रत्नागिरीकर: आज ड्रिबल बंद करून बघितलं. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ, दोघी एकमेकींवर आदळल्या. मग सगळ्यात बुटकी पोर मागून आत घुसली, चेंडू हातात, समोर कोणीच नाही... आणि लेअप चुकवला! उद्या डावा हात.