घरच्या पेशंटची काळजी घ्यायला शिकायचं कुठे? आणि सपोर्ट ग्रुपचा खरंच उपयोग होतो का?

मोरपीस:
नमस्कार मंडळी. सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आलाय, उजवी बाजू लुळी पडलीये आणि बोलायला गेले की शब्द सापडत नाहीत. आता डिस्चार्ज मिळेल आणि घरी बघणाऱ्या मी आणि सासूबाई दोघीच. कोणती गोळी कधी द्यायची ते लिहून दिलंय, पण माणसाला कुशीवर कसं वळवायचं, खुर्चीत कसं बसवायचं, भरवताना ठसका लागला तर काय करायचं हे कुणीच शिकवलेलं नाही. व्हिडिओ बघितले, पण प्रत्येक जण वेगळंच दाखवतो, नक्की कुणाचं ऐकायचं? हे नीट शिकायला मिळतं का कुठे? आणि दुसरं म्हणजे सपोर्ट ग्रुप, म्हणजे पेशंट सांभाळणारे घरचे लोक जमून एकमेकांशी बोलतात तो. सासूबाई म्हणतात परक्या लोकांत जाऊन रडगाणं कशाला गायचं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांचं ऐकून मी अजूनच खचेन अशी मलाही भीती वाटते. अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.

कंदील:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. सगळ्यात आधी एक करा, डिस्चार्जच्या आधीच वॉर्डातल्या नर्सला आणि फिजिओला सांगा की आम्हाला दाखवू नका, आमच्याकडून करून घ्या. तुम्ही आणि सासूबाई दोघींनी त्यांच्यासमोर सासऱ्यांना वळवायचं, बसवायचं, खुर्चीत घ्यायचं. तुमचा हात कुठे चुकतोय, पाठ कुठे वाकतेय हे बघणाऱ्यालाच दिसतं, व्हिडिओत ते होत नाही. हे मागायला अजिबात संकोच करू नका, घरी सगळं तुम्हालाच करायचंय.

तोवर माझ्याकडून थोडं. लुळ्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, काखेत हात घालून उचलायचंही नाही, त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, खांदा सांध्यातून निसटतो आणि मग ते दुखणं फार दिवस पुरतं. पलंगावरून खुर्चीत घेताना खुर्ची शक्यतो चांगल्या बाजूला, म्हणजे त्यांच्या डावीकडे ठेवा, ब्रेक लावलेला बघा, आणि त्यांना स्वतःला जेवढा जोर लावता येतोय तेवढा लावू द्या. भरवताना ताठ बसवायचं, घास छोटा, आधीचा गिळला की मगच पुढचा. लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठून राहतं आणि त्यांना ते कळतही नाही, म्हणून जेवण झालं की तोंड आतून साफ करायचं आणि निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा पिऊन झाल्यावर आवाज घोगरा, ओला येत असेल तर अन्नपाणी श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते, घरगुती उपाय करत बसू नका, गिळण्याची तपासणी करून घ्या, ती स्पीच थेरपिस्ट करतात.

बेडसोरचंही सांगते, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमांचं. माकडहाड, कंबर, टाचा रोज उजेडात बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा, बोट काढल्यावरही तो पांढरा न होता लालच राहिला तर जखमेची ती सुरुवात आहे. तिथे मालिश करायची नाही, त्या जागेवरचा भार काढायचा आणि नर्सला किंवा डॉक्टरला दाखवायचं. आणि ती मधे भोक असलेली गोल उशी घेऊ नका, कडेने दाब वाढतो.

पाऊलवाट:
कंदील यांनी शिकण्याचं छान सांगितलंय, मी ग्रुपबद्दल लिहितो. माझ्या आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे आणि मी बऱ्याच काळापासून ग्रुपला जातो. तिथे लोक रडतात हे खरं, पण त्याहून जास्त वेळ अंघोळीला नाही म्हणाले तर काय करायचं, रात्री उठून बसतात तर काय, असल्याच गोष्टींवर जातो, आणि उत्तर देणारा ते स्वतः रोज करत असतो. आपल्याच माणसाचा राग येतो हे घरात बोलता येत नाही, तिथे येतं, आणि कुणी दचकत नाही. ग्रुप चांगला आहे का हे ओळखायचं तर चालवणारा माणूस सगळ्यांना बोलू देतो का, बाहेर गोष्टी जात नाहीत ना, आणि तेल, पावडर, चमत्कारी औषध विकणारं कुणी नाही ना, एवढं बघा. पहिल्यांदा नुसतं ऐकून आलात तरी चालतं.

उपयोगाचं म्हणाल तर न्यूयॉर्कमधला एक अभ्यास आहे, अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) असलेल्या जोडीदाराची काळजी घेणाऱ्या 406 जणांचा. अर्ध्यांना घरच्यांसकट समुपदेशन, सपोर्ट ग्रुप आणि अडेल तेव्हा फोनवर सल्ला असं सगळं दिलं, बाकीच्यांना नेहमीची मदत. 2006 साली निकाल आले, त्यात पहिल्या गटातल्या पेशंटना संस्थेत ठेवायची वेळ दीड वर्षाने पुढे गेली. म्हणजे सांभाळणाऱ्याला आधार दिला की पेशंटलाही घरी जास्त राहता येतं. तुमच्याकडे आजार वेगळा आहे, पण सांभाळणाऱ्याचं थकणं तेच असतं. आणि डिमेन्शियाच्या पेशंटच्या घरचं कुणी हे वाचत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा आयसपोर्ट नावाचा कोर्स खास घरच्यांसाठी आहे, 2019 पासून, त्यात स्वतःची काळजी हा एक पूर्ण भाग आहे, जरूर बघा.

उंबरठा:
मला थोडं वेगळं वाटतं, प्रत्येकालाच ग्रुप मानवेल असं नाही. सासूबाईंना नको असेल तर त्यांना ओढून नेऊ नका, त्यांच्याच वयाची, नवऱ्याला सांभाळणारी एखादी बाई फोनवर भेटली तरी पुरे होईल. पण ताई, दोघीच बघणार हे मला खटकलं. तुमचे मिस्टर, नणंद, दीर जे कुणी असतील त्यांना एकत्र बसवा आणि कामं वाटा, लांब असणाऱ्याला औषधं मागवणं, बिलं, अपॉइंटमेंट हे सगळं करता येतं, आणि आठवड्यातून ठरलेले काही तास तुम्हाला पूर्ण सुट्टी. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला लगेच वार आणि वेळ सांगायची. अजून एक, सासरे बोलत नाहीत म्हणून त्यांना कळत नाही असं धरू नका, बऱ्याचदा समजतं, फक्त शब्द येत नाहीत. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा, थांबा, वाक्य त्यांच्या आधी पूर्ण करू नका.

मोरपीस:
खूप खूप आभार सगळ्यांचे, सासूबाईंना वाचून दाखवलं. उद्याच वॉर्डात विचारते. कंदीलताई, दर दोन तासांनी कूस बदलायची असं वाचलं, मग रात्री आम्ही झोपायचं कधी?

कंदील:
दोन तास हा सुरुवातीचा अंदाज असतो, सगळ्यांना सारखा लागू नाही. दाब कमी करणारी गादी असेल, त्वचा चांगली असेल, ते स्वतः थोडंफार हलत असतील तर रात्री मधला वेळ वाढवता येतो, पण किती ते नर्सने त्वचा बघून ठरवायचं, तुम्ही अंदाजाने नाही. पूर्ण कुशीवर करण्यापेक्षा पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश कलतं ठेवा आणि पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. आणि रात्री दोघींनी एकदम उठायचं नाही, पाळी लावा, म्हणजे एकीला तरी सलग झोप मिळेल. ही गादी भाड्यानेही मिळते का ते डिस्चार्जच्या आधीच विचारून ठेवा.