मदत हवी आहे: स्पेनच्या घाटांत बाइकवरून, सप्टेंबरमध्ये

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे मित्र सप्टेंबरच्या मध्यावर उत्तर स्पेनमधल्या पिकोस दे एउरोपा डोंगरात फिरणार आहोत. बाइक्स बिल्बाओत भाड्याने घेऊ. आंतरराष्ट्रीय परवाने काढून झालेत.

मुक्काम पोतेस गावात. मुख्य दिवसाचा फेरा असा: पोतेसहून एन-६२१ ने सान ग्लोरिओ खिंड (१६०९ मीटर), पुढे रिआन्योचा जलाशय, मग एन-६२५ ने लॉस बेयोसच्या अरुंद घळईतून कांगास दे ओनीस, आणि संध्याकाळी कब्रालेस, ला एर्मिदामार्गे परत. अंतर साधारण २०० कि.मी. पण वळणं इतकी की अख्खा दिवस धरलाय. हा फेरा एका दिवसात झेपेल का? की रिआन्योला रात्र काढावी? घाईघाईने उरकायची इच्छा अजिबात नाही, कॉलेजपासूनचं स्वप्न आहे हे.

खरी काळजी वेगळीच. आमचा सगळा सराव वरंधा, ताम्हिणीचा, म्हणजे डावीकडून चालवायचा. तिथे उजवीकडून. रस्त्यावर लक्षात राहतं, पण पेट्रोल भरून किंवा चहाला थांबून पुन्हा निघताना सवयीने डावीकडे जायला होईल अशी भीती वाटते. आमच्यातला एक जण तर भारताबाहेर पहिल्यांदाच चालवणार आहे. तुम्ही ही सवय कशी मोडली?

शिवाय सप्टेंबरात खिंडीत सकाळी धुकं किती असतं? रेनकोट पुरेल की आतून गरम जॅकेटही हवं?

कोणी त्या बाजूला चालवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. तिकिटं या आठवड्यात काढायची आहेत.