बेकेट स्ट्रीटचे दगड आडवे करण्याआधी त्यांची मागची बाजू वाचा

कोरीव

जमाखर्च या सदस्यांनी काल इथे लिहिलं की लीड्सच्या बेकेट स्ट्रीट दफनभूमीतले दगड आडवे करावेत, वर हिरवळ लावावी आणि चार बाकं टाकावीत. लीड्स विद्यापीठाने सेंट जॉर्जेस फील्ड या जुन्या दफनभूमीचं केलं तसंच. कारणं दोन दिली: दगड पडून कुणी जखमी झालं तर कौन्सिलच्या (नगरपालिकेच्या) अंगावर येतं, आणि ज्यांची नावं आहेत त्यांना भेटायला आता कुणी येत नाही. त्याला चार ओळींचा प्रतिसाद पुरणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

बेकेट स्ट्रीट १८४५ साली सुरू झाली, १८४२च्या लीड्स दफन कायद्याखाली. बाकीच्या इंग्लंडला बरियल बोर्ड (सार्वजनिक दफनभूम्या चालवणारी स्थानिक मंडळं) मिळाले ते १८५०च्या दशकात, त्याच्या बरंच आधीचं हे काम. शहराने करातून पैसा उभा केला, अर्धी जमीन बिशपने पवित्र केलेली आणि अर्धी चर्चबाहेरच्या पंथांना. सुमारे १ लाख ८० हजार माणसं तिथे पुरलेली आहेत.

दगडांतला मोठा हिस्सा गिनी ग्रेव्हचा आहे. एका खोल खड्ड्यात एकमेकांशी काही नातं नसलेले आठ-दहा जण, कधी त्याहूनही जास्त, एकावर एक. घरच्यांनी एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग भरली की सामायिक दगडावर नाव, तारीख आणि वय कोरलं जाई. जागा पुरावी म्हणून दगड दोन्ही बाजूंनी कोरलेले आहेत. तो आडवा केला की निम्मी नावं मातीत तोंड खुपसून पडतात. ज्या गिरणी कामगारांचं नाव शहरात दुसऱ्या कुठल्याही भिंतीवर नाही, त्यांचीच ती नावं. हे ठाऊक नसताना कुणी हिरवळीचा सल्ला देऊ नये.

जमाखर्च

मागच्या बाजूचा मुद्दा माझ्या लेखात नव्हता, तेवढा मान्य. बाकी काही मान्य नाही.

नावं दगडावरच जगतात हे चूक आहे. सेंट जॉर्जेस फील्डचंच घ्या. १८३५ची खासगी कंपनीची दफनभूमी, १९६५च्या कायद्याने विद्यापीठाने मोकळी केली. दगड गेले, पण सुमारे ९७ हजार नोंदींच्या वह्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि आज घरबसल्या शोधता येतात. त्यात वय आहे, मृत्यूचं कारण आहे, व्यवसाय आहे. दगडावर यातलं निम्मंही नसतं. संशोधकाला वही जास्त उपयोगी आणि चालणाऱ्याला हिरवळ.

आणि धोका काल्पनिक नाही. हॅरोगेटला २००० साली सहा वर्षांचा मुलगा दगडाखाली सापडून गेला. लीड्सपासून ते किती लांब आहे? ज्या अधिकाऱ्याच्या सहीवर ती जागा उघडी राहते, त्याच्या जागी बसून बोला.

पाथरवट

हॅरोगेटचं नाव घेऊन देशभर काय झालं तेही सांगा. अनेक कौन्सिलांनी ३५ किलोचा जोर लावणारं यंत्र आणलं, ओळीने दगड ढकलले आणि हलला तो आडवा केला. सगळ्या दगडांना एकच कसोटी. २००९ साली कायदा मंत्रालयाला सूचना काढाव्या लागल्या की प्रत्यक्ष धोका फार कमी आहे, तपासणी त्या प्रमाणात करा.

कुठला दगड पडतो ते आधी समजून घ्या. जुना गिनी दगड म्हणजे एकसंध फरशी. तिच्या उंचीचा मोठा भाग जमिनीतच गाडलेला असतो. ती कलते, पण कललेली आणि पडणारी यांत फरक आहे. वर्षानुवर्षं त्याच कोनात उभी असेल आणि हाताने ढकलून बुडाशी माती हलत नसेल तर तिला हात लावू नका. पावसाळी आठवड्यात चिकणमाती मऊ असते, तेव्हा चांगला दगडही डुलतो. तपासणी कोरड्या दिवसांत करायची.

खरे पडतात ते नंतरचे. पायाच्या दगडावर मसाल्याने नुसता चिकटवलेला उभा दगड, मध्ये लोखंडी खुंटी असली तर असली. खुंटी गंजून फुगते आणि दगड बुडाशी तडकतो. सर्वांत धोक्याचे कळस, क्रॉस आणि कलश, कारण वजन वर आणि सांधा बारीक. सगळी दफनभूमी झोपवण्यापेक्षा हे वेगळे काढा, काम निम्म्याहून कमी होईल.

जमाखर्च

आणि ते काम करणार कोण? एका फरशीचं वजन माहीत आहे का?

पाथरवट

माहीत आहे. दीड मीटर उंच, पाऊण मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर जाड वालुकाश्म म्हणजे साधारण २६० किलो. म्हणून पहार घालून उचकटायचा नाही, कड तुटते. तिपाई, चेनपुली, रुंद पट्टा आणि पट्ट्याखाली गोणपाट. शिकलेली तिघं-चौघं पुरतात.

एअरकाठी

तुम्ही दोघं वजनं मोजत बसा. मला मूळ धाग्यातला भक्तिभाव खटकला.

गिनी म्हणजे मजुराची जवळजवळ आठवड्याची मजुरी, अनेकांची त्याहून जास्त. ज्यांना ती परवडली नाही त्यांचं काय? त्याच खोल खड्ड्यांत बिननावाचे. रस्त्यापलीकडे आज सेंट जेम्स हॉस्पिटल आहे, तिथे १८६१पासून वर्कहाऊस, म्हणजे निराधार गरिबांना ठेवण्याची जागा, होती. १८३२च्या अ‍ॅनाटमी कायद्याने वर्कहाऊसमधलं बेवारस प्रेत विच्छेदनाला देता येत होतं. गिनी भरणाऱ्यांच्या मनात ही धास्ती होती. आठवड्याला पेनी-दोन पेनी दफन मंडळात भरायचे ते यासाठी.

आणि शहराचं औदार्य? १८३२च्या कॉलऱ्यात लीड्समध्ये ७०२ माणसं गेली, तरी कायदा व्हायला दहा वर्षं लागली. चर्चची आवारं ओसंडत होती आणि भांडण चाललं होतं कर कुणी द्यायचा, जमीन कुणाच्या पंथाची. म्हणून दोन चॅपलं, दोन लॉज (रखवालदारांची घरं), मध्ये आखीव सीमा. दगड जपा, पण दयेचं स्मारक म्हणून जपू नका.

कोरीव

एअरकाठी, मी ‘दया’ हा शब्द कुठेही लिहिलेला नाही. तुम्ही लिहिलंत त्याच्याच जोरावर माझा मुद्दा पक्का होतो. आठवड्याची मजुरी देऊन विकत घेतलेलं नाव आहे ते. ज्यांनी किंमत मोजली त्यांचा माल आपण परस्पर पुरणार? आपल्याकडून इंग्लंडला येणारी मंडळी ब्रुकवुडच्या दफनभूमीत जमशेटजी टाटांची कबर पाहायला जातात, लंडनच्या हायगेट दफनभूमीत पैसे भरून फिरतात. जायलाच हवं. पण कामगाराच्या दगडाची बाजू घ्यायला कुणी उभं राहत नाही, याची मला चीड आहे.

एअरकाठी

‘माल’ म्हणालात ते पटलं. बिननावाच्यांसाठी काय, ते अजून कुणी बोललेलं नाही. जमाखर्च यांची वही तिथे कामाला येते, तेवढी त्यांची बाजू मी धरतो.

जमाखर्च

धरलीत, बरं झालं. पाथरवट, हलणारे दगड तुम्ही उभे करणार म्हणता, तर सोपा उपाय सांगतो. खड्डा खोल करा, एक तृतीयांश दगड आत घाला, काँक्रीट ओता. पन्नास वर्षं बघायला नको.

पाथरवट

हे वाचून डोकं फिरलं. नेमकं याच कामाने दफनभूम्या खराब झाल्या आहेत.

एक: गिनी दगडावर नावं अगदी जमिनीलगत येतात. तो आणखी खोल गाडला की शेवटची तीन-चार नावं जमिनीखाली. मागच्या बाजूचीही. मग आडवा पाडला काय आणि गाडला काय! आधी मोजायचं: शेवटच्या ओळीपासून बुडापर्यंत किती कोरा दगड आहे? तेवढाच आत जाईल. कमी पडत असेल तर दोन्ही बाजूंनी जमिनीखाली दगडी आधार द्यावा लागतो.

दोन: काँक्रीट. यॉर्कशायरचा वालुकाश्म थरांचा असतो, म्हणूनच त्याच्या फरश्या निघतात. म्हणजे प्रत्येक उभ्या दगडाचे थर दर्शनी बाजूला समांतर. काँक्रीटच्या कॉलरमध्ये, म्हणजे दगडाभोवतीच्या कड्यात, पाणी अडतं, ते दगड शोषतो, काँक्रीट संपतं तिथे थंडीत गोठतं आणि पापुद्रे सुटतात. पुढे धक्का बसला की बरोबर त्याच रेषेत मोडतो. खड्ड्यात खडी आणि माती थराथराने, दर १५ सेंटिमीटरला धुमसून. पाणी खाली जायला हवं.

तीन: पायावर बसणाऱ्या दगडाला स्टेनलेसची खुंटी आणि चुन्याचा मसाला. सिमेंट दगडापेक्षा कडक पडतं. ओल सांध्यातून बाहेर न पडता दगडातून पडते आणि जाताना अक्षरं घेऊन जाते.

आडव्या दगडालाही हेच लागू आहे. वर राहिलेल्या बाजूच्या अक्षरांत पाणी साचतं आणि गोठतं. खालची बाजू दिसत नाही, वरची टिकत नाही.

जमाखर्च

भाषा जरा आवरा. काँक्रीट मी शोधलेलं नाही, कंत्राटदार तेच करतात.

पाथरवट

कंत्राटदार करतात म्हणून तुम्ही त्याची शिफारस करता, हाच राग आहे. कामाच्या कागदात ‘काँक्रीट नको, चुना, शेवटची ओळ जमिनीच्या वर’ एवढं लिहिलं असतं तरी निम्मे दगड वाचले असते.

रानहळद

सगळे दगड पडण्याबद्दल बोलताय. मोडतात किती गवत कापणाऱ्या दोरीच्या यंत्रामुळे, त्याकडेही पाहा. दोरी बुडाशी दर कापणीला टवका काढते आणि वालुकाश्मावर ती खाच कायमची राहते. दगडाभोवतीची वीतभर पट्टी हाताच्या कात्रीने कापायची. तणनाशक मारायचं नाही, उघडी माती धुपून दगड सुटतो. बाकी गवत फुलं धरून बी पडेपर्यंत ठेवायचं, मग कापून उचलून न्यायचं. तिथेच कुजलं तर जमीन खतावते आणि खाजकुयलीसारखी नेटल माजते.

आयव्हीची वेल हिरवी असताना ओढू नका. बुंधा कापा, पूर्ण वाळू द्या, मग सैल झालेली काढा. ओल्या मुळ्यांबरोबर पापुद्रा येतो. आणि दगडफुलं खरवडू नका. वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढणारी वस्ती आहे ती. ब्लीच आणि तारेचा ब्रश तर पूर्ण बंद.

कोरीव

दगडफुलाखाली नाव असेल तर? माझ्या दृष्टीने नाव आधी.

रानहळद

माझ्या दृष्टीने नाही. खरवडलेल्या दगडावर नावही उरत नाही. तिरका प्रकाश वापरा. पूर्वेची बाजू दुपारच्या जरा आधी, पश्चिमेची दुपार उलटताच, ऊन दगडावरून घासून जातं तेव्हा. बाजू सावलीत असेल तर सोबत्याने उन्हात आरसा, ढगाळ दिवशी दिवा अगदी कडेला धरायचा, अक्षर सावलीत उठून दिसतं. खडू आणि दाढीचा फेस दगडाला लावणाऱ्यांना मी दफनभूमीत पाऊलही ठेवू देणार नाही.

जमाखर्च

मग माझी शेवटची मांडणी अशी. बेकेट स्ट्रीटचे दगड सरसकट आडवे करावेत, हे मी मागे घेतो. पाथरवट यांच्या काँक्रीटच्या मुद्द्यामुळे नाही, दोन बाजूंच्या नावांमुळे. पण कळस आणि क्रॉस, जे पायावर सुटले आहेत, ते आजच उतरवून शेजारी जमिनीवर ठेवावेत, चुना आणि माणसं मिळेपर्यंत. यावर मी हटणार नाही. आणि एकाही दगडाला चेनपुली लावण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो, ओळ आणि क्रमांकासह, वहीतल्या नोंदीशी जुळवून.

पाथरवट

उतरवताना खाली लाकडी ठोकळे ठेवा, थेट मातीवर नको. कोरीव बाजू वर आणि जरा उतार देऊन, म्हणजे पाणी थांबणार नाही. दोन हिवाळ्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर मला हेही मान्य नाही.

एअरकाठी

जुळवताना ज्या खड्ड्यांवर दगडच नाही त्यांची वहीतली नावंही त्याच यादीत घ्या. फक्त गिनीवाल्यांची यादी केलीत तर मी पुन्हा भांडायला येईन.